बंद केलेली अकराशे कार्डं

प्रिय ताई,

माझं अक्षर बघून तू कपाळाला हात लावशील हे ठाऊक आहे. शाळा सुटल्यापासून सलग पानभर हाताने लिहायची वेळ आली नव्हती, त्यामुळे हे कोंबडीचे पाय सहन करून घे. करू काय? तू फोन घेत नाहीस. आई सांगते, घरातल्या कुणाचाही फोन वाजला की तू उठून बाल्कनीत जातेस आणि तो थांबेपर्यंत कठडा धरून उभी राहतेस. नऊ वर्षं ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये बसून, दुसरी घंटा वाजायच्या आत फोन उचलणारी तू. म्हणून हे पत्र. आईने ते तुझ्या टेबलावर ठेवायचं आणि खोलीतून निघून जायचं, असं आमचं ठरलंय. ती दाराबाहेर उभी असणार, हे तू धरूनच चाल.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर तू पत्र अर्ध्यावर ठेवशील. त्या दिवशी तुझा हात चुकला नव्हता. तू दाबलंस ते कार्ड बरोबर होतं. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाहीये, समजूत काढणं मला कधी जमलेलं नाही. मी ते घडताना पाहिलंय, एकदा नाही, पाच वेळा. यातून काही परत येणार नाही. तो माणूस गेला तो गेलाच. पण अडीच महिने तू जे बोट नजरेसमोर धरून बसली आहेस, त्याच्याकडे दोष नाही.

चौकशी समितीने तुझ्यापुढे जे मांडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे सांधा कुठे निखळला ते दाखवता येईल. दुपारी दोन एकेचाळीसला एका बाईंचा फोन आला. नवरा सुतार, वय चव्वेचाळीस, छातीत दुखतंय, घामाने शर्ट भिजलाय. तू पडद्यावर त्यांचं कार्ड भरलंस, ते यादीत सगळ्यात वर आलं. तू ‘गाडी पाठवा’ दाबलंस, वरच्या कार्डावर हिरवी खूण उमटली आणि तू पुढचा फोन घेतलास. पण कंट्रोल रूमच्या प्रोग्रामच्या नोंदीत आहे की तू गाडी पाठवलीस ती दुसऱ्याच कार्डावर, जिन्यात पाय मुरगळलेल्या एका माणसाकडे. त्या भागातली एकुलती एक मोकळी गाडी तिकडे गेली. अकरा मिनिटांनी त्याच बाईंनी परत फोन करून विचारलं, गाडी कुठवर आलीय, तेव्हा तू बघितलंस तर त्यांचं कार्ड अजून पांढरंच होतं. दुसरी गाडी लांबून यायला आणखी नऊ मिनिटं गेली. तोवर सुतार गेला होता.

नोंद पुढे ठेवली की सगळे गप्प होतात. मीही झालो. गप्प झालो असतो तर बरं होतं म्हणा. आईने त्या आठवड्यात मला विचारलं होतं, अरे, तो प्रोग्राम तुमच्या ऑफिसनेच केलाय ना, त्याच्याकडून काही चूक झाली नसेल कशावरून? आणि मी मोठ्या ऐटीत उत्तर दिलं होतं की नोंद खोटं बोलत नाही, चूक माणसाकडूनच होते. तुझ्या खोलीचं दार उघडं होतं. आतून कपाटाचा आवाज येत होता तो एकदम थांबला, तेही मला कळलं होतं. मग मी पाणी प्यायलो आणि घरी निघून गेलो. या सगळ्यात मला कशाची लाज वाटत असेल तर त्या पाणी पिण्याची.

मी शोध घ्यायला लागलो तो काही शंका आली म्हणून नाही. महिन्यापूर्वीचा रविवार आठवतो? आपण दोघं खालून आईची औषधं घेऊन वर येत होतो. लिफ्टमध्ये तू तीनचं बटण दाबलंस आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतलास. बोटाकडे पाहिलंस, मग बटणाकडे, आणि मला विचारलंस, “तीनच दाबलं ना रे मी?” मी हो म्हणालो. तू परत विचारलंस. तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं तरी तू आधी बाहेर डोकावून आपल्या दारावरची पाटी पाहिलीस आणि मगच पाऊल टाकलंस. त्या दिवशी मी जेवलो नाही. सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन सगळा प्रोग्राम उचकटायला घेतला.

उचकटणं हा तर माझा जुना धंदा. आईच्या शिवणयंत्राची गोष्ट आपण दोघांनी कधी काढली नाही, आज मी काढतो. मी सहा वर्षांचा, तू अकराची. आई बाहेर गेलेली, आणि मला बॉबिनची डबी आतून कशी असते ते बघायचं होतं. स्क्रू निघाला, पट्टीची स्प्रिंग उडाली आणि कुठे गेली ती आजपर्यंत सापडली नाही. आईकडे दुसऱ्या दिवशी द्यायचे कपडे होते. ती आल्यावर मी दाराआड लपलेला, आणि तू पुढे होऊन म्हणालीस, “मी उघडलं.” तुला दोन धपाटे बसले ते सोड. पण आईने त्यानंतर तुला यंत्राला हात लावू दिला नाही. तू बाहुलीचे कपडे शिवायचीस, माझ्या सदऱ्यांची बटणं लावायचीस, आई म्हणायची पोरीचा हात सफाईदार आहे. ते सगळं तिथे थांबलं. नंतर आई विसरली आणि तुला बोलवायला लागली, तर तूच म्हणायचीस, नको, माझ्या हातून मोडेल. उचापत्या हे नाव तू मला त्याच दिवशी ठेवलंस, मोठ्या प्रेमाने, जिन्यात बसून, गाल लाल झालेला असताना.

तर प्रोग्राम. आदल्या रात्री अकराला तू कामावर बसली होतीस आणि सकाळी सातला तुझ्या मैत्रिणीला ताप म्हणून तिचीही ड्यूटी अंगावर घेतलीस. म्हणजे दोन एकेचाळीसला तुझा कॉम्प्युटर जवळपास सोळा तास एकसारखा चालू होता. मी त्या सोळा तासांत कंट्रोल रूममध्ये आलेले सगळे फोन, आले त्याच वेळांना, ऑफिसातल्या एका रिकाम्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला भरवले. तुझ्या जागी कार्डं भरणारा आणि बटणं दाबणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो रात्री अकराला आपला आपण सुरू झाला. दर तासाला मशीनच्या मेमरीत काय काय साठलंय त्याची यादी काढून ठेवायची आणि मागच्या तासाच्या यादीशी ताडून बघायची. कंटाळवाणं काम, धान्य निवडल्यासारखं. मी सकाळी नऊला जाऊन बसलो. दुपारी पडद्यावर कार्डं होती नऊ. मेमरीत होती अकराशे सेहेचाळीस.

मी तीनदा मोजली. ती नऊ सोडून बाकी सगळी बंद केलेली कार्डं होती ताई. तुम्ही सगळ्यांनी हातावेगळी केलेली, गाडी पोचली, पेशंट दवाखान्यात गेला, कार्ड मिटलं, अशी. डोळ्यांना दिसत नव्हती, पण आत होती. प्रत्येक कार्डावर मिनिटं धावतात ना, फोन येऊन किती वेळ झाला ती? ती पुढे सरकवायला आत एक घड्याळ असतं आणि ते दर सेकंदाला प्रत्येक कार्डाला हाक मारतं. कार्ड मिटताना त्याने घड्याळाला सांगायचं असतं, बाबा, आता मला हाक मारू नकोस. ते सांगायचं राहिलं तर कार्ड पडद्यावरून जातं, पण घड्याळाच्या यादीतून जात नाही. आणि ज्याला कुणीतरी हाक मारतंय ते मशीन टाकून देत नाही, कारण मशीनच्या लेखी ते अजून हवं आहे. आमच्यात याला गळती म्हणतात. नाव चुकीचंच आहे, गळत काहीच नाही, सगळं तुंबतं. शेवटी घड्याळ एवढ्या जणांना हाका मारत बसतं की समोरच्या माणसाने दाबलेलं बटण ऐकायला त्याला वेळ उरत नाही.

दोन एकेचाळीसला मी खुर्ची पुढे ओढून बसलो. सुताराचं कार्ड वर आलं. माझ्या प्रोग्रामने त्याच्यावर ‘गाडी पाठवा’ दाबलं. पडदा गोठला. एक, दोन, तीन सेकंद जुनंच चित्र. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून मुरगळलेल्या पायाचं कार्ड आलं, आतल्या आत यादीत वर बसलं, आणि सुतार एक घर खाली सरकला. मग मशीन शुद्धीवर आलं आणि तीन सेकंदांपूर्वीचं दाबणं त्याने आता वर असलेल्या कार्डाच्या नावावर टाकलं. हिरवी खूण उमटली. पुढच्या दिवसांत मी हा सगळा खेळ आणखी पाच वेळा केला. चारदा गाडी पायाकडे गेली, एकदा बरोबर गेली. सुताराच्या बायकोला हे कोण सांगणार, की सहातून एकदा तिचा नवरा वाचायची निदान संधी तरी होती? वेळेवर गाडी गेली असती तरी तो वाचला असता की नाही हे कुणी सांगू शकत नाही, असं आमचे साहेब मला दोनदा म्हणाले. मी ते वाक्य स्वतःला म्हणू देत नाही.

आता यापुढचं लिहायला मला दोन दिवस लागलेत. घड्याळाला सांगायचं राहिलं कुणाचं, तर कार्डाचं नाही. कार्डातली ती चूक मी सहा महिन्यांपूर्वीच काढली होती. तुम्ही सगळ्या तेव्हा वैतागला होतात, प्रोग्राम जड होतो म्हणून चहाच्या वेळी तो बंद करून परत उघडायचात, शिफ्टमध्ये दोनदा, आणि त्याला ‘तोंड धुवून आणणं’ म्हणायचात. कुठल्या कागदावर नसलेला तुमचा नियम. मी ती गळती शोधली, एक ओळ घातली, खूश झालो. त्याच आठवड्यात तू मला म्हणालीस की फोनवर लोक सांगतात, फाटकाशी कुत्रा आहे, लिफ्ट बंद आहे, मागच्या दाराने या, आणि ते लिहायला कार्डावर जागाच नाही. तुझं काम म्हणून मी ते एका दुपारी उरकलं. कार्डाच्या कोपऱ्यात टिपणाची एक छोटी चौकट. तिच्यातलं लिहिलेलं जपून ठेवायला तिलाही त्याच घड्याळाची हाक लागत होती. कार्ड मिटताना घड्याळाला सांगायचं, चौकट सांगायची नाही. आणि चौकटीने कार्डाला घट्ट धरून ठेवलेलं. एक ओळ कमी. ताईचंच काम आहे, तपासायचं काय त्यात, असं म्हणून मी ती तपासणाऱ्यांकडे न पाठवता सरळ आत घातली. त्या चौकटीचं किती कौतुक केलं होतंस तू, आठवतं?

आणि मग मी तुला फोन केला. तुला तो फोन आठवतो, हे मला आता माहीत आहे. मी म्हणालो, ताई, ते तोंड धुणं आता पुरे करा, गळती मी काढली, तुम्ही बायकांनी उगाच व्रत घेतल्यासारखं चालवलंय. तू हसलीस आणि दुसऱ्या दिवसापासून बंद केलंस. बाकीच्या जणींनी केलं नाही. भाऊरायाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, अशी तुझी थट्टा करत त्या आपापलं तोंड धुवून आणत राहिल्या. ही नवी गळती जुनीपेक्षा संथ, रोजच्या आठ तासांत काही जाणवायचं नाही आणि शिफ्ट संपली की प्रोग्राम बंद व्हायचाच, म्हणून तुलाही काही कळलं नाही. सोळा तास त्या एकाच दिवशी झाले.

हे घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, नोंद स्वच्छ आहे, समितीचं काम संपत आलंय, तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस. मग समितीचा कच्चा अहवाल माझ्यापुढे सरकवला, यातली तांत्रिक पानं तपासून सही कर म्हणाले. मी तो टेबलावर नेला आणि तांत्रिक पानं सोडून तुझा जबाब वाचला. अडतिसावं पान. त्यांनी विचारलंय, प्रोग्राम दोनदा बंद करून उघडायची पद्धत तुमच्या सहकारी पाळत होत्या, तुम्ही ती का पाळली नाही? तुझं उत्तर एका शब्दाचं आहे. विसरले.

तू विसरलीस! माझ्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख, आईच्या गोळ्यांची वेळ, शेजारच्या काकूंच्या कुलपाचा आकडा जिच्या डोक्यात असतो, ती तू विसरलीस. ताई, तुला चौकटीचं काही ठाऊक नव्हतं. पण भावाने सांगितलं म्हणून बंद केलं, एवढं बोललीस तर बोट माझ्याकडे वळेल, हे तुला बरोबर कळलं होतं. म्हणून गुळणी धरून बसलीस. पुन्हा एकदा पुढे होऊन म्हणालीस, मी उघडलं. आणि खरं सांगू? मला तुझा राग आला. हा प्रोग्राम आणखी अकरा शहरांत चालतो. तू विसरलीस म्हटल्यावर सगळं खापर तुझ्यावर फुटलं आणि प्रोग्रामकडे कुणी बघितलंच नाही. ते अडीच महिने मला मोकळे मिळाले आणि तिकडे कार्डं साठत राहिली. तिथे आणखी एखादी गाडी चुकीच्या दारी गेली का, हे मला माहीत नाही आणि ते विचारायची मला भीती वाटते. मग राग ओसरला आणि कळलं, की तुझ्यावर रागावण्याइतकं तोंड माझ्याकडे राहिलेलं नाही.

त्याच दुपारी मी त्या अकराही कंट्रोल रूमना कळवलं की दर दोन तासांनी प्रोग्राम बंद करून उघडा, आणि कारण काय तेही लिहिलं, माझ्या नावासकट. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दाराने माझं आत जायचं कार्ड ओळखलं नाही. ते ठीकच आहे. तिथून मी थेट समितीच्या प्रमुख बाईंकडे गेलो आणि सगळं लिहून दिलं. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले, एकदाही आवाज चढवला नाही. निघताना मी सुताराच्या घरचा पत्ता मागितला, त्या म्हणाल्या, एवढ्यात नको. मग मी आईकडे आलो. तू झोपली होतीस. तिला हे सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता शिवणयंत्राचंही सांगितलं. आई हातातल्या टॉवेलच्या घड्या घालत बसली. मग एवढंच म्हणाली, “मग मी तिला शिवू का दिलं नाही?”

आता कशासाठी लिहिलं ते सांगतो. समिती तुला गुरुवारी अकरा वाजता परत बोलावणार आहे. माझं म्हणणं खरं धरायला त्यांना तुझा जबाब हवा आहे. तू पुन्हा तेच उत्तर दिलंस तर एका भावाने बहिणीसाठी रचलेली गोष्ट एवढंच ते ठरेल, चौकट आहे तशी राहील आणि तू जन्मभर लिफ्टमध्ये बोटाकडे बघत राहशील. मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही, ती मागायची रांग सुताराच्या दारापासून सुरू होते आणि मी अजून त्या दारापर्यंत पोचलो नाही. तू फक्त ये. आई तुझ्याबरोबर येईल. समितीच्या बाई तुला परत विचारतील, का पाळली नाही पद्धत. तेव्हा माझ्या वाटचं बोलू नकोस ताई, या एका वेळी तरी नको. सांग, माझ्या धाकट्या भावाने बंद करायला सांगितलं, प्रोग्राम त्यानेच लिहिलाय, आणि तो बाहेर बाकावर बसलाय, त्याला आत बोलवा.

तुझाच,
उचापत्या